गीझरचा हिशेब आणि सासऱ्यांचा साबण

माझे सासरे अंगभर साबण आणि कमरेला पंचा अशा अवस्थेत लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले, याला मी एकटा जबाबदार आहे.

त्याचं झालं असं. पुण्याहून बंगळुरूला, हेब्बाळमध्ये राहायला आल्यावर विजेचं बिल पाहून मला गीझरचा संशय आला. आमच्या एका बाथरूममध्ये टाकीचा गीझर होता, दुसऱ्यात छोटा इन्स्टंट.

"टाकीभर पाणी तापवत ठेवायचं, ही शुद्ध उधळपट्टी आहे!" मी बायकोला म्हणालो.

"अंघोळ झाली की बंद करायचा. संपलं!" मुग्धा म्हणाली.

पण मी इंजिनियर! (सॉफ्टवेअरचा. पण गीझरला ते कुठे माहीत असतं?) मी प्रयोग जाहीर केला. एक आठवडा सगळ्यांनी फक्त इन्स्टंट वापरायचा, पुढचा आठवडा फक्त टाकी. रोज सकाळी मी तळमजल्यावर जाऊन मीटरचा फोटो काढायचो. निकाल थक्क करणारा होता! इन्स्टंटच्या आठवड्यात मीटर जेमतेम हलला; टाकीच्या आठवड्यात नुसता पळत सुटला. मी टाकी विकून टाकली, दोन्हीकडे इन्स्टंट बसवले आणि ऑफिसात भेटेल त्याला तोच सल्ला दिला.

डिसेंबरात निपाणीहून सासरे आले. सकाळी ते अंघोळीला गेले. दुसऱ्या बाथरूममध्ये मी शिरलो आणि गीझरचं बटण दाबलं. तिकडे मुग्धाने इंडक्शनवर चहा ठेवला होता. फट्! घरात अंधार.

"जावईबापूऽऽ!" आतून हाक आली. "पाणी बर्फागत झालंय की! साबण वाळाय लागलाय!"

मी उलटा टीशर्ट घालून खाली धावलो, मुग्धा मागे. आमच्या मीटरखालचा स्विच तर चालूच! मी तो बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. पुन्हा केला. पुन्हा!

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या शारदाअक्का पिठाने माखलेले हात घेऊन अवतरल्या. अक्का मूळच्या बेळगावच्या.

"कोण खेळायलंय माझ्या लाइटीशी? माझं इडलीचं पीठ अडकलंय मिक्सरात!"

"अक्का, हा आमचा मीटर आहे."

"तुमचा कुठला? तुमचा तो पलीकडचा! हा माझा!"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मग अक्कांना गोड आवाजात विचारलं, "अक्का, मागे तुम्ही गावाला गेला होता ना?"

"हो की. आठवडाभर लेकीकडं, म्हैसूरला. आल्यावर साठलेले सगळे कपडे मशीनला लावले, बघा."

मीटर का हलला नव्हता आणि नंतर का पळाला, हे मला एकदम उमगलं. आमचा खरा मेन स्विच तर जळालाच होता. इलेक्ट्रिशियन फोनवर "स्वल्प वेळ" म्हणाला. (स्वल्प म्हणजे थोडा. त्याचा थोडा म्हणजे दुपार.)

"मामांना वर पाठवा," सासऱ्यांची दशा ऐकून अक्का म्हणाल्या. "आमची टाकी गरम आहे."

सासरे लिफ्टमध्ये चढले. आत सोसायटीचे सेक्रेटरी होते. सासऱ्यांनी फेसाळ हात जोडून त्यांना नमस्कार केला. तासाभराने ते गुलाबी होऊन, वर इडल्या खाऊन परतले!

आता आमच्याकडे नवी टाकी आली आहे. कोणता गीझर स्वस्त पडतो, हे मला अजूनही ठाऊक नाही. मी थंड पाण्याने अंघोळ करतो. तब्येतीला उत्तम, असं ऑफिसात सांगतो. खरं कारण एवढंच, की गीझरच्या बटणाला हात लावायची परवानगी घरात सगळ्यांना आहे, फक्त मला सोडून!