सारंगखेड्याचा घोडा आणि माझी आई

पडद्यावर माझी आई उभी होती. डोक्यावर लाकडांची मोळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय उघडे. मास्तरांनी वेताच्या छडीचं टोक तिच्या पायावर टेकवलं. पडदा हलला. आईही हलली.

"हे बघा. पायात वहाण नाही. का नाही?"

पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "गरीब शे म्हनीसन."

"गरीब नव्हे. रानटी. ह्या लोकांना गरजच वाटत नाही. गुरांना वाटते का?"

वर्ग हसला.

मी वर्गाच्या मागे, काचेवरचं चित्र पडद्यावर टाकणाऱ्या मॅजिक लँटर्नपाशी उभी होते. ती काच मीच आत सरकवली होती. लँटर्नमध्ये काच उलटी घालावी लागते, डोकं खाली, पाय वर. खिडक्यांना गोणपाट लावून वर्गात अंधार केलेला. हातात असताना मला काही दिसलं नव्हतं. दिसलं ते पडद्यावर, सगळ्यांच्या बरोबर.

मास्तर म्हणाले, "बाई, पुढे या."

मी गेले.

"इथे नाही. उजेडात उभ्या राहा."

मी उजेडात उभी राहिले. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. समोरच्या पोरी दिसेनाशा झाल्या, फक्त ऐकू येत राहिल्या.

"दख वं, बाईना पदरवर मोळी!"

आईचं चित्र माझ्या अंगावर पडलं होतं.

"ह्या बाईसुद्धा त्याच डोंगरातल्या," मास्तर म्हणाले. "भिल्लाच्याच. पण शिकवलं की काय होतं पाहा. बाई, इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखवा."

मी म्हणाले, "गुड मॉर्निंग, गर्ल्स."

दुपारचे चार वाजत होते. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावरची बाई माझी आई आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी म्हसावदच्या बाजारात एक मोळीवाली निवडली होती, एवढंच. मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. माझी जागेवर परत जायची वाट त्या पोरींच्या मधून होती.

आमची शाळा शहाद्याला, मुलींची. गुजर शेतकऱ्यांच्या, मारवाडी दुकानदारांच्या लेकी. मास्तर पुण्याकडचे. चारचौघांत ते मला 'तुम्ही' म्हणायचे, एकटी असले की 'तू'. मी लहान असताना मिशनच्या एक बाई आमच्या पाड्यावर आल्या आणि मला बोर्डिंगात घेऊन गेल्या. तिथे सगळं इंग्रजीत. प्रार्थना इंग्रजीत, शिक्षा इंग्रजीत. त्या बाईंनीच मला काचेवर चित्र काढायला शिकवलं. म्हणून तर मास्तरांनी मला ठेवलं होतं. लँटर्नबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं आणि काचा करणारं शाळेत दुसरं कोणी नव्हतं.

हे काम मला येतं. काच सोड्यानं धुवायची, तिच्यावर पातळ सरस फिरवायचा, वाळला की बारीक टाकानं रेघ काढायची. रंग असा हवा की उजेड त्यातून पार जाईल. वर दुसरी काच ठेवून कडांना कागदाची पट्टी चिकटवायची. पण हे झालं हातांचं. खरं काम त्याआधी असतं. एका काचेवर एकच गोष्ट. शेवटच्या बाकावरच्या पोरीला दिसलं पाहिजे. अक्षरं जितकी कमी तितकी बरी, नाहीतर पोरी वाचत बसतात आणि बघत नाहीत. आणि जे दाखवायचं नाही ते झाकायचं. त्यासाठी दोन काचांमध्ये काळा कागद घालतात, मधे खिडकी कापलेला. खिडकीत जेवढं येईल तेवढंच जग.

मास्तरांचा धडा होता 'आपला जिल्हा'. तापीचा घाट, कापसाच्या गाड्या, सारंगखेड्याच्या जत्रेतला घोडा, आणि मग डोंगरी लोक. घोड्याचा फोटो उतरवलेली काच मी रंगवली होती. तो फोटो काढताना मास्तरांनी मालकाची परवानगी घेतली होती. घोड्याला पुसून काढलं होतं, पाठीवर झूल घातली होती. काचेच्या खाली त्याचं नाव लिहायला मला सांगितलं होतं. मोती. मी ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

आईच्या काचेवर नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तर फार खूश होते. "असर झाला," म्हणाले. "चित्र आणि लगेच जिवंत माणूस. संमेलनाला साहेब येणार आहेत, कमिटी येणार आहे. शेवट असाच करू. तू पांढरं लुगडं नेस, चित्र नीट उमटतं. आणि इंग्रजीचं चांगलं मोठं वाक्य पाठ करून ठेव."

मी म्हणाले, "हो, सर."

दुसरं काय म्हणणार होते? माझी खोली शाळेच्या आवारात, त्यांच्या घरामागे. आवाराचं दार संध्याकाळी बंद व्हायचं, किल्ली त्यांच्या बायकोच्या कमरेला. दुसरीकडे नोकरी मागायची तर त्यांची चिठ्ठी लागणार. परत डोंगरात जावं तर तिथली भाषा माझ्या तोंडात अर्धी उरलेली. बोर्डिंगात मला इंग्रजी चांगलं शिकवलं होतं. आभार मानायचे सतरा प्रकार मला येत होते. नकार द्यायचा एकही येत नव्हता.

बाजाराच्या दिवशी मी म्हसावदला गेले. आई चिंचेखाली बसली होती, मोळ्या विकणाऱ्या बायकांच्या रांगेत. ती माझ्याशी बाजारातली अहिराणी बोलते. गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. मला आमची भिली बोली नीट येत नाही हे तिला कळल्यापासून ती असंच करते, आणि त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मी विचारलं, "तुझा कोणी फोटो काढला होता?"

"काढा व्हता. पगडीवाला मास्तर. तुले कोन सांगं?"

"मी पाहिला."

"कसा दिखना?"

मी तिच्या मोळीची गाठ चाचपली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मन्ही मोळी तं इकाई गयथी," ती म्हणाली. "मी घर जाई ऱ्हायनथू. त्यानी हटकं. म्हने, मोळी ले डोकावर. मी म्हनं, मोळी कोठे शे? तं त्यानी हाई बाईनी मोळी मन्हा डोकावर दिधी. मंग म्हने, वहाना काढ."

शेजारची बाई हसली. "मन्ही मोळी! अजून तुन्ही मायनी भाडं नहीं दिधं."

"तू काढल्यास?" मी विचारलं.

"पगडीवाला मानूस. चार लोके दखी ऱ्हायनथात. काढ्यात." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पोरी हासन्यात का वं?"

"नाही."

"हासन्यात," ती म्हणाली. "आनि तू काय बोलनी?"

एक गिऱ्हाईक मोळीचा भाव विचारत आलं. आई त्याच्याकडे वळली. मला उत्तर द्यावं लागलं नाही. ते द्यावं लागलं असतं तर बरं झालं असतं.

परत येताना बैलगाडीत माझ्या डोक्यात वहाणा होत्या. काढल्या, तर ठेवल्या कुठे?

लँटर्नची पेटी माझ्याच ताब्यात असायची. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आईची काच काढली. पट्टी वेडीवाकडी चिकटवलेली होती, म्हणजे ही काच मास्तरांनी स्वतः बांधली होती. ओल्या फडक्यानं पट्टी भिजवली, सोडवली. वरची काच उचलली. आत काळा कागद होता, खिडकी अरुंद कापलेली. आईपुरतीच.

कागद उचलला आणि बाजार दिसला.

डावीकडे वहाणांचा जोड. नीट शेजारी शेजारी ठेवलेला, देवळाबाहेर ठेवतात तसा. त्यामागे कालची ती शेजारची बाई, रिकाम्या डोक्यानं, पदर तोंडाला लावून हसणारी. आणि उजव्या कडेनं आत आलेला एक हात. अंगरख्याची बाही, बोटात मास्तरांची रोजची खड्याची अंगठी, हातात वेताची छडी. छडी आईच्या पायांकडे रोखलेली. म्हणजे फोटो काढणारा माणूस वेगळा होता. मास्तर बाजूला उभे राहून आईला कसं उभं राहायचं ते शिकवत होते.

मी कितीतरी वेळ ती काच खिडकीपाशी धरून बसले. इतके दिवस मला वाटत होतं की लाज आईची आहे, आणि तिची म्हणून माझी. काळ्या कागदाच्या त्या खिडकीतून मला असं दिसलं की आमची लाज कोणीतरी मापानं कापून तयार केली होती. हे काम मला येत होतं. म्हणूनच ते मला ओळखता आलं.

मी वर काही रंगवलं नाही. काही लिहिलं नाही. काळा कागद तेवढा बाहेर ठेवला आणि काच पुन्हा बांधली. या वेळी पट्टी सरळ.

संमेलनाला हॉल भरला होता. पुढे खुर्च्यांवर गोरे साहेब, त्यांच्या शेजारी कमिटीचे पाटील आणि शेटजी, मागे पोरी आणि त्यांच्या आया. मी पांढरं लुगडं नेसले होते. तापीच्या घाटाची काच पहिल्यांदा तिरकी गेली. घोडा आला तेव्हा लोक वाहवा म्हणाले. पाटलांनी घोड्याच्या मालकाचं नाव घेऊन काहीतरी थट्टा केली.

मग मास्तर म्हणाले, "आता डोंगरी लोक."

मी काच सरकवली.

मास्तर पडद्याकडे न बघता बोलत होते. धडा त्यांना पाठ होता. छडी मागे नेऊन त्यांनी पडद्यावर टेकवली. "हे पाहा, पायात वहाण नाही. ह्यांना गरजच..."

पाटील ओरडले, "मास्तर, वहाना तं तठे पडेल शेतस ना!"

मास्तर वळले.

"आनि हाऊ हात कोना शे? अंगठी वळखीनी दिखी ऱ्हायनी!"

हॉल हसला. मागच्या बायका हसल्या, पोरी हसल्या. मास्तर म्हणाले, "पुढची काच. बाई, पुढची काच!"

मी काच हलवली नाही.

"बाई!"

मी म्हणाले, "पुढची काच नाही."

सगळे मागे वळले. लँटर्नचा उजेड त्यांच्या डोळ्यांत गेला. त्यांना मी दिसत नव्हते. मला ते सगळे दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांसमोर मी बोलत होते आणि माझ्याकडे कोणी बघू शकत नव्हतं.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, पडद्यावरची ही बाई कोण आहे?

मला इंग्रजीत उत्तर देता आलं असतं. वाक्य तयार होतं, चांगलं मोठं. मी मराठीत बोलले. हॉलमधल्या सगळ्यांना कळायला हवं होतं.

"ही माझी आई. हिचं नाव सोमली. वहाणा तिच्या आहेत. मोळी तिची नाही. वहाणा काढायला मास्तरांनी लावल्या. मी पुढे येऊन उभी राहणार नाही."

एवढंच. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

हसू थांबलं. ते मास्तरांवर हसत होते तोवर मजा होती. मी बोलल्यावर मजा संपली. कोणीतरी गोणपाट बाजूला केलं, उजेड आत आला आणि मी सगळ्यांना दिसले. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मघाशी सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले होते.

दुसऱ्या दिवशी मला कमिटीपुढे बोलावलं. शेटजी समजुतीनं बोलले. "बाई, दोन ओळी लिहून टाका. चूक झाली, माफी असावी. शाई काय महाग शे का? मास्तरबी इसरी जातीन."

मास्तर म्हणाले, "आणि पुढच्या महिन्यात नंदुरबारला कार्यक्रम आहे. तिथे नीट उभी राहशील."

चारचौघांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. मला वाटलं, आता आमचं खरं बोलणं सुरू झालं.

मी म्हणाले, "लिहिणार नाही."

त्यांनी तिथेच मला कामावरून काढलं. संध्याकाळी आवाराचं दार बंद व्हायच्या आत मी बाहेर होते. माझी कपड्यांची पेटी आणि वळकटी घेऊन आईकडे गेले. ती आनंदली नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "तुन्ही नोकरी गई. मन्ह्या वहाना तं मन्हा पायमा व्हत्याच."

ती खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी मी तिच्यासाठी काही केलं नव्हतं. तिला उन्हात, बाजारात, पगडीवाल्यासमोर उभं राहायचं होतं आणि उद्याही राहायचं आहे. जे केलं ते मी माझ्यासाठी केलं.

आता मी तिच्या झोपडीत आहे. खाली शहाद्याला माझं नाव निघालं की लोक गप्प होतात, असं कळलं. मिशनच्या बाईंनी निरोप पाठवला की नम्रपणा शिक. धडगावला सरकारी शाळा आहे, तिथे बाई ठेवत नाहीत. बाहेर पडायला एकच घाट आहे आणि तो त्याच गावांमधून जातो.

मी दुसऱ्या एका शाळेला नोकरीचा अर्ज लिहायला बसले आहे. मराठीत. त्यात माझं शिक्षण लिहिलं आहे. मला काचा करता येतात हे लिहिलं आहे. मी भिल्ल आहे, माझी आई म्हसावदला मोळ्या विकते, आधीच्या शाळेतून मला काढलं आणि का काढलं, तेही लिहिलं आहे. हे न लिहिता अर्ज केला तर मास्तरांच्या चिठ्ठीशिवायही कुठेतरी नोकरी मिळू शकेल, हे मला माहीत आहे. मिळाली तर तिथेही कोणीतरी मला पुढे बोलावील आणि उजेडात उभं करील.

म्हणून पहिल्या अर्जात लिहीन. त्यांनी नाकारलं तर दुसऱ्यात लिहीन. त्यांनीही नाकारलं तर पाड्यावरच्या पोरांना अंगणात बसवून शिकवीन. तोडक्या भिलीत, चुकत, त्यांच्याकडूनच शिकत. पण कोणाच्या धड्याचं उदाहरण म्हणून मी पुन्हा उभी राहणार नाही. यापुढे वर्गात उभी राहीन ती शिकवायला.