भिंतीवरचं बटण

ड्रिल मशीननं शांताचा हातमोजा धरला आणि मोज्यासकट हात फिरवला. ती ओरडली नाही. "अक्का, बंद कर," एवढंच म्हणाली. बंद करायचं बटण पलीकडच्या भिंतीवर होतं. मी पळाले.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात आम्ही दोघी शिकाऊ होतो, लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायचो. ड्रिलवर बांगड्या आणि हातमोजे दोन्हींना बंदी होती. पण आदल्या दिवशीच शांताचं डोहाळजेवण झालं होतं. सासूनं भरवलेल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या तर पोटातल्या लेकराला अपशकुन होईल, असं तिला वाटायचं.

"मुकादमानं पाह्यलं तर घरी बसवील," मी सकाळीच म्हणाले होते.

"म्हणून तर मोजा घातला. त्याला काय माझा हात धरून बघायचाय व्हय?" म्हणून ती हसली होती.

बटण दाबून मी परत आले, तेव्हा मशीनखालच्या तेलात हिरव्या काचा पडल्या होत्या.

बांगड्यांनी घात केला, असं सगळे म्हणाले. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. काल नातू शेंद्र्याच्या कंपनीतून आला. कपड्यांना तोच तेलाचा वास होता. त्यानं मोबाइलवर त्याच्या मशीनचा फोटो दाखवला. लाल बटण हाताशीच होतं.

"आज्जे, हे दाबलं की जागच्या जागी थांबतं," तो म्हणाला.

मी त्या बटणाकडं बघत बसले.

शांताचा उजवा हात मनगटापासून गेला. लेकरू पोटातच गेलं. शांता जगली.