डॉक्टर माईणकरांचं ‘माहीत नाही’

इरा आणि नील,

डॉक्टर माईणकर घरात आले की आधी माणसांच्या हातांकडे बघत, मग तोंडाकडे. ‘बसा’ म्हणायची सोय नव्हती; ते आधीच बसलेले असत. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहत, आणि पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या पेशी का मरतात हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस उद्धट होता. सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे तुम्ही त्यांना देवमाणूस ठरवणार नाही. गेल्या महिन्यात ते वारले. तुमच्या बाबांना फोनवर कळवलं, तर ते फक्त ‘बरं’ म्हणाले.

आजोबांचा हात थरथरू लागला तेव्हा मी औषधांचे डबे, रंगीत चिठ्ठ्या, वेळापत्रक, सगळं शिस्तीत लावलं आणि डॉक्टरांना विचारलं, “हे ह्यांनाच का झालं?”

“माहीत नाही.”

“म्हणजे साधारण...”

“साधारणसुद्धा माहीत नाही. मेंदूत खोलवर एक काळी रेघ असते. तिथल्या पेशी मरतात आणि शेजारच्या जगतात. कुणी कारण सांगितलं तर त्याला विचारा, ‘तू पाहिलंस का?’”

असा डॉक्टर काय कामाचा, असं मला वाटलं.

एकदा क्लब हाऊसमध्ये चुंबकाची गादी विकणारा आला. गळ्यात टाय, हातात माईक. “काका-काकू, या गादीनं बॉडीतले डेड सेल्स पुन्हा ॲक्टिव्ह होतात!”

मागून डॉक्टरांचा आवाज आला. “मेलेले?”

“हो सर, हंड्रेड परसेंट!”

“मी जन्मभर ते मरतात का एवढंच विचारत बसलो, आणि तुम्ही उठवलेतसुद्धा! या, इथं बसा. मला शिकवा.”

सोसायटीचे चेअरमन, इथल्याच जुन्या गावातले, मध्ये पडले. “जाऊ द्या की राव डॉक्टर, पोटासाठी करतोय त्यो.”

“मग झोपायची गादी म्हणून विक म्हणावं. झोप चांगली लागत असेल तिच्यावर.”

सगळे हसले. मीही हसले. इंग्रजीतून विज्ञान शिकलेल्या तुमच्या आजीनं ती गादी आठवडाभर आधीच घेतली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर आजोबा हळूच म्हणाले, “अगं, टाचणीसुद्धा चिकटत नाही तिला. पहिल्याच दिवशी बघितलं मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू हौसेनं आणली होतीस.”

आजोबा चाकणच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. मोडलेला भाग भंगारात टाकायचा नाही. लाल चिठ्ठी लावून टेबलावर घ्यायचा आणि का मोडला ते बघायचं, हा त्यांचा नियम. म्हणून एका रविवारी डॉक्टरांनी पोहे खाता खाता आजोबांना “सबनीस, गेल्यावर मेंदू द्याल?” असं विचारलं तेव्हा मी बशी आपटली, आजोबा मात्र हसले.

“तुम्हाला काही रीतभात?” मी डॉक्टरांना म्हणाले.

“आहे. म्हणून त्यांना विचारतोय. ते गेल्यावर तुम्हाला विचारत नाही.”

आजोबांनी सही केली. तिला पाच मिनिटं लागली. अक्षर मुंगीएवढं.

आजोबा एका सकाळी गेले. मेंदू काही तासांतच न्यावा लागणार होता. फोनवर तुमचे बाबा ओरडत होते, “आई, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही! तो माणूस गिधाड आहे!” माझी नणंद म्हणाली, “वहिनी, अग्नीला देह अखंड नको का?” डॉक्टर जिन्यात उभे होते.

“तुम्ही काही बोलणार नाही?” मी विचारलं.

“नाही. त्यांनी हो म्हटलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी वर जातो.”

मी फाइल काढली. फॉर्मवर आजोबांनी माझ्याच डब्यातली लाल चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. मी फॉर्म डॉक्टरांच्या हातात दिला. तुमचे बाबा पुढं वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

वर्षानं डॉक्टर आजोबांच्या मेंदूतल्या पेशींचा एक फोटो घेऊन आले. पेशीत प्रथिनाची गुठळी साचते आणि तीच पेशीला मारते, असं ते इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “ह्या गुठळीवाल्या पेशी, धडधाकट आहेत. इथं गुठळी नव्हती, त्या मेल्या. आणखी काही जणांच्या मेंदूंतही हेच दिसलं, पण सबनीसांच्या मेंदूत सगळ्यात स्पष्ट.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी चुकलो. तुमच्या यजमानांनी माझा माल नापास केला.”

“मग पेशी मरतात कशानं?”

“माहीत नाही.” चहा संपवून ते उठले. सत्तरी उलटलेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला प्रयोगशाळेत निघाले.

शेवटी त्यांनी स्वतःचाही मेंदू दिला. आजारी मेंदूशी तुलनेला चांगला मेंदू लागतो म्हणे. ‘चांगला’ हे त्यांचंच मत.

इरा, परवा तू बाबांच्याच सुरात विचारलंस, एवढं देऊन मिळालं काय? एका हुशार माणसाची चूक मिळाली. आजोबा पगार घेऊन तेच काम करायचे. गेल्यावर फुकट केलं.

फोटो फाइलमध्ये आहे, लाल चिठ्ठी लावलेला. मी तो फोनवर पाठवणार नाही. बाबांना म्हणावं, बघायचा असेल तर इथं यावं लागेल. त्यांना झोपायला ती गादी आहेच. झोप चांगली लागते तिच्यावर.