नळी कुणी वाकवली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. अर्धी गोष्ट मात्र इतक्यांदा सांगितलीय, की घरातली पोरं मी तोंड उघडायच्या आत पांगतात. उरलेली अर्धी — ती आज.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पावसाचं दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं, आणि औशाजवळच्या आमच्या गावात माझ्याकडे मिलिटरीच्या लिलावातली मोटारसायकल होती. दिसायला सुभेदार, चालायला पेन्शनर. दहा मैल गेली की इंजनाचं डोकं टकटक करायचं आणि सगळं जाम. मी ढकलत आणायचो. गाव म्हणायचं, जोडीनं पायी फिरायला गेला होता वाटतं.

अशात विहिरीनं तळ दाखवला. पाण्याच्या टँकरचा अर्ज दुसऱ्या दिवशी, साहेब दौऱ्यावर निघायच्या आत, लातूरच्या नव्या कचेरीत पोचायला हवा होता. एसटी दुपारची. सरपंच म्हणजे माझे चुलते, आप्पा. त्यांनी चावडीसमोर विचारलं, "नेतोस का रे मला?" मी हो म्हणून बसलो. आता?

दोष तेलाच्या नळीत होता. इंजनाच्या डोक्याला तेल पाजणारी ती नळी — काडीएवढी बारीक. तिच्या जागी जाड तांब्याची बसली. कोरड्या विहिरीवर बंद पडून असलेल्या आमच्याच पाण्याच्या इंजनाची. लाल तापवून गार केली, चेपू नये म्हणून आत वाळू ठासली, मग वाकवली, रॉकेलनं धुतली, जुनी पितळी टोकं झाळून लावली.

आणि काय पळाली ती! आप्पांनी एका हातानं पटका धरलेला, दुसऱ्यानं मला. औसा मागे पडला — टकटक नाही. साहेबांचा एक पाय जीपमध्ये होता, तेव्हा अर्ज त्यांच्या हातात पडला. तिसऱ्या दिवशी टँकर गावात. बायापोरं घागरी घेऊन धावत होती. आजही अंगावर काटा येतो.

पारावर टॉवेल-टोपी, नारळ. आप्पा म्हणाले, "इतके दिवस ढकललीस, आता पळवलीस कशी, सांग की लोकांला."

"लई विचार केला आप्पा," मी म्हणालो, "अन् नळी बदलली."

मी?

बदलली माझ्या बायकोनं. शारदा उदगीरची, इंजनं दुरुस्त करणाऱ्या बापाची लेक. गाडीचा आवाज ऐकूनच म्हणाली होती, "डोकं कोरडं पडून राहिलंय तिचं. मालकासारखं." मी शेगडीला वारा घातला, बस्स. सत्काराला ती बायकांत उभी होती, हात पदराखाली — नखांत काजळी होती ना. माझी नखं नारळावर लख्ख.

एवढंच असतं तर हसण्यावारी नेलं असतं. पण आठवड्यानं गावातली पिठाची गिरणी बिघडली. "बघून येऊ का?" म्हणत ती पाना घेऊन निघाली. मी दारात आडवा झालो. "बायकांचं काम न्हाई ते." खरं कारण? तिचा हात चालताना गावानं पाहिला असता, तर नळी कुणाची ते कळलं असतं.

तिनं पाना ठेवला. पुन्हा उचलला नाही.

परवा पुतणीच्या लग्नात जनरेटर धडधडत बंद पडला. शारदानं मान तिरकी करून शेवटचा आवाज ऐकला. काय बिघडलं ते तिला कळलं होतं. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. हात तिनं मांडीवरच ठेवले.

आणि औशाहून मिस्त्री बोलावला — मीच.