राहीबाईची जबानी

मला इंग्रजी येत होतं, हा माझा गुन्हा. फार येत होतं अशातला भाग नाही. मॅट्रिकपुरतं येत होतं, आणि आमच्या गावात तेवढं येणारा मी एकटाच होतो. म्हणून पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत मी चौथीला त्रैराशिक शिकवत असताना शाळेच्या दारात लष्कराची जीप उभी राहिली आणि दुभाष्या म्हणून मला अकरा दिवसांसाठी उचलून घेऊन गेली. त्या अकरा दिवसांत मी जेवढा वैतागलो तेवढा पुढे तीस वर्षांच्या मास्तरकीत वैतागलो नाही. त्यातला निम्मा वैताग एकट्या राहीबाईनं दिला.

आमचं गाव मिरजेपासून चार कोसांवर. लढाईच्या दिवसांत गावच्या माळावर लष्करानं तात्पुरता विमानतळ केला होता. विमानतळ हे नाव मोठं. तिथं होतं काय, तर मुरमाची एक पट्टी, पत्र्याच्या दोन शेडी आणि भोवती काटेरी तार. मालाची विमानं यायची, बुटांची आणि औषधांची खोकी भरून जायची. राहीबाईचं रान या तारेला लागूनच होतं.

बाई पन्नाशीची, काटक, आणि आवाज असा की समोरचा बहिराच आहे असं धरून बोलायची. तिचा नवरा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला, तो आला नाही. दोन वर्षांनी सरकारचा कागद आला. त्यात तो मेला एवढंच होतं. कसा मेला, कुठं मेला, काही नव्हतं. पदरी एक लेक, विजयमाला. तिला वाढवून आटपाडीला दिली आणि ही एकटी रान कसत राहिली. पहिल्यांदा तिनं स्वतः नांगर धरला तेव्हा गाव हसलं. दुसऱ्या वर्षी तिचा शाळू पाहून गाव गप्प बसलं. विमानतळ झाला तेव्हा सगळे कुरकुरत होते, पण ही म्हणाली, "बरं झालं. त्या घरघरीनं पाखरं तरी उडतील."

तारेपलीकडे कृष्णात नावाचा एक फिटर होता. शिराळ्याकडचा, तिशीचा, हवाई दलातला, बायको-मुलं गावी. तो तारेजवळ येऊन ओरडायचा, "आवं मावशी, ताक हाय का?"

"तुजी म्हस आन हिकडं, मग देते घुसळून!" ती ओरडायची, आणि तांब्या भरून तारेखालून सरकवायची. रोजचंच होतं ते.

मग एका मंगळवारी सकाळी मालाचं विमान उडालं, माळ ओलांडून जेमतेम वर चढलं, एका अंगावर कलंडलं आणि राहीबाईच्या खालच्या रानात पडून पेटलं. आत तीन माणसं होती. तिघंही गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला एक गोरा साहेब आला. माणूस सभ्य, पण कागदाचा भलता नादी. आल्याबरोबर त्यानं राहीबाईच्या अख्ख्या रानाला दोरी बांधली आणि आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम काढला. जळालं होतं ते खालच्या अंगाचं वाफाभर. वरचा शाळू काढणीला आलेला, कणसं दाण्यांनी वाकलेली. विमानं बंद, राखण बंद. सगळ्या पंचक्रोशीतली पाखरं तिथं उतरली.

राहीबाई रोज सकाळी चौकशीच्या तंबूसमोर हजर.

"आवं मास्तर, सायबाला इचारा, माजं रान कवा मोकळं करतोय?"

मी विचारायचो. साहेब म्हणायचा, लवकरच. मी सांगायचो, लवकरच. मग ती दोघांनाही शिव्या घालायची, आणि साहेब मला विचारायचा, बाई काय म्हणते? मी म्हणायचो, आभार मानते. सात दिवस हे चाललं. माझ्या नाकी नऊ आले.

इकडं चौकशीचं घोडं एका चापाशी पेंड खात होतं. विमान उभं असताना वाऱ्यानं त्याच्या शेपटाचे नि पंखांचे भाग हलून मोडू नयेत म्हणून त्यांना लाकडी चाप लावतात. उड्डाणाआधी ते काढायचे. एखादा राहिला तर विमान वर जातं, पण वळवता येत नाही. त्या विमानाचे चाप पाच. कृष्णातच्या पिशवीत सापडले चार. शेपूट जळून कोळसा झालेलं. साहेबाचा हिशेब सोपा होता: पाचवा चाप शेपटालाच राहिला, तो जळाला आणि त्यानंच तीन माणसं मारली.

"पाची म्या ह्या हातानं काढलं," कृष्णात म्हणायचा. "पिशवी जमिनीवर उघडी हुती. इंजन चालू झाल्यावर वाऱ्यानं एखादा उडाला आसंल. मोजलं न्हाईत, ह्यो माजा गुन्हा. पर काढलं पाची."

मी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं ते लिहून घेतलं, पण विश्वास ठेवल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. चाप सापडला तर सुटका, नाही तर कोर्टमार्शल आणि तुरुंग.

दवंडी दिली: विमानाचा लाकडी चाप कुणाला सापडला असेल तर आणून द्यावा. आता चाप कसा असतो हे दवंडीवाल्याला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ते चार चाप साहेबानं पेटीत घालून मोहोर लावून ठेवले होते. मग लोकांनी काय काय आणलं म्हणता! एकानं जळका पत्रा आणला, एकानं एका पायाचा बूट, एकानं तर स्वतःच्या मोडक्या खाटेचा पाय. साहेबानं प्रत्येक वस्तूला नंबर दिला. खाटेच्या पायालासुद्धा. शिपायांनी माळ पिंजून काढला. बांधावरच्या म्हसोबापाशी मात्र गावकऱ्यांनी बूट काढायला सांगितले, तेव्हा ते वळसा घालून पुढं गेले.

नवव्या दिवशी राहीबाई आली ती थेट माझ्याकडं, आणि चक्क हळू आवाजात बोलली.

"मास्तर, सायबाला एक सांगायचं हाय. शाळूचं न्हाई."

"मग कशाचं?"

"त्या कृष्णातानं काय केलं न्हाई. म्या केलं. म्या उतारा हलवला."

मी कपाळावर हात मारला. उतारा म्हणजे कुणाच्या तरी अंगावरची पीडा काढून बांधावर टाकलेलं लिंबू, नारळ, लाल फडकं. हलवील त्याला ती पीडा लागते म्हणतात. मी तेव्हा स्वतःला मोठा सुधारक समजायचो. असल्या गोष्टींवर शाळेत भाषणं द्यायचो. साहेबाला हे कोणत्या तोंडानं सांगू? तीन माणसं उताऱ्यानं मेली, असं? सगळा गाव अडाणी ठरायचा, आणि गावाचा मास्तर पहिला.

"राहीबाई, घरी जा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"हाय. तुमी सांगा तर खरं."

"सांगतो," मी म्हणालो आणि सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी ती पुन्हा आली. मी पुन्हा हाकललं. साहेबानं विचारलं, बाई आज काय म्हणते? मी म्हणालो, शाळूचंच.

अकराव्या दिवशी चौकशी संपली. साहेबानं पेटी फोडून ते चार चाप टेबलावर मांडले, शेवटच्या कागदात लिहायला. तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिले. हातभर लांबीच्या लाकडी फळ्या, त्यांवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं नि आकडे, आणि टोकाला लांब लाल फडकं, काढायचा राहिला तर लांबून दिसावा म्हणून. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मॅट्रिक झालेलं डोकं!

कृष्णातला जीपमध्ये बसवला. मिरजेहून दुपारच्या गाडीनं त्याला नेणार होते. आणि राहीबाई जीपच्या पुढ्यात येऊन मातीत फतकल मारून बसली.

"मास्तर, तुमी सायबाला सांगितलंच न्हाई!" आता आवाज नेहमीचा होता, साऱ्या माळाला ऐकू जाणारा. "त्या पोराला नेत्यात आन् तुमी तोंडात मिठाची गुळणी धरलीया! उठा. चला माज्यासंगं. चला म्हंते!"

तिनं माझा दंड धरला. मास्तराचा दंड, सगळ्या गावादेखत! मला असा संताप आला की म्हटलं, चल बाई, एकदाचा तुझा उतारा बघतो आणि तुझं तोंड बंद करतो.

बांधावर बाभळीखाली म्हसोबा. शेंदराचा थर, तेलाचे ओघळ. पायाशी एक दगड, आणि दगडाखाली दाबलेलं एक लाल फडकं. मी दगड सरकवला. खाली हातभर लांबीची लाकडी फळी होती, तेलानं काळी पडलेली. त्यावर पांढरी अक्षरं, आणि शेवटी पाचचा आकडा.

दोन दिवस ही बाई मला हेच सांगत होती.

मी साहेबाला हाक मारली. त्यानं आपण होऊन बूट काढले आणि तो आला. मग राहीबाईची जबानी झाली आणि या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. त्या मंगळवारी विमान तारेपाशी घरघरत होतं. धुळीचा लोट तिच्या अंगावर आला. लोट बसल्यावर तिला तारेच्या अलीकडं, आपल्या बांधावर हे दिसलं. लाल फडकं, फळीवर मंत्र लिहिलेला. कुणीतरी करणी करून तिच्या रानावर टाकलंय, याबद्दल तिला शंकाच राहिली नाही. हात न लावता तिनं ते विळ्याच्या टोकानं उचलून म्हसोबाच्या स्वाधीन केलं, तेल घातलं आणि हात जोडले. हात जोडलेलेच होते, तेव्हा विमान डोक्यावरून गेलं.

साहेबानं विचारलं, विमान उडण्याआधी चाप इथं होता याला दुसरा साक्षीदार कोण?

शेजारच्या रानातून तिची जाऊ बनुबाई पुढं आली. "मी हाय की. तेल माज्याकडनं न्हेलं हिनं. तवा इमान पट्टीच्या त्या टोकाला हुबंच हुतं. म्या हितनंच बघितलं हिला तेल वततान. वाटी आजून परत दिली न्हाई."

वाटी म्हसोबामागं सापडली. साहेबानं तिलाही नंबर दिला.

कृष्णात जीपमधून उतरला. राहीबाईच्या पायावर डोकं ठेवायला वाकला, तर ती मागं सरली. तिचं लक्ष टेबलाकडं होतं. चार चापांशेजारी साहेबानं पाचवा ठेवला होता. तोच आकार, तेच फडकं.

"मास्तर, म्हंजे ह्ये इमानाचंच हुतं?"

"हो तर! तुमच्यामुळं कृष्णात सुटला, राहीबाई."

मला वाटलं बाई खूश होईल. ती मटकन खाली बसली.

"म्हसोबाला म्या काय म्हनलं सांगू? म्हनलं, ज्यानं ह्ये टाकलं त्याच्यावरच उलटू दे. आन् हात जोडलेलं हायेत तवर..." तिनं टेबलावरच्या पाचव्या चापाकडं बोट केलं. "ज्याचं हुतं त्याच्यावरच गेलं की वो मास्तर. सायबाला इचारा. ती तीन मानसं म्या मारली का? माजा मानूस कसा मेला ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई. त्येंच्या बायकांना तरी कळाय पायजे."

मी विचारलं. काही गाळलं नाही, उलटू दे हेसुद्धा नाही. साहेब ऐकत राहिला. हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं कागद पुढं ओढला, चापाबद्दलचं पान खोडलं आणि मला म्हणाला, "तिला सांग, अपघाताचं कारण निश्चित होऊ शकलं नाही."

अकरा दिवस, दोन पेट्या कागद, एक रान पाखरांच्या घशात, आणि निघालं काय, तर कारण निश्चित नाही! माझ्या टाळूला आग लागली. ते वाक्य राहीबाईला जसंच्या तसं सांगितलं असतं तर त्या रिकाम्या जागी तिनं स्वतःचं नाव घातलं असतं आणि मरेपर्यंत वागवलं असतं. मला ते स्पष्ट दिसत होतं.

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, इंजिनात बिघाड होता. तुमचा यात काडीचा संबंध नाही."

तिनं साहेबाच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आसं म्हनला?"

"हो."

"लिवलंय?"

"लिहिलंय."

तिनं पदरानं डोळे पुसले. साहेबाचे शिपाई रानाची दोरी सोडत होते. वरच्या शाळवात पाखरांचा नुसता गलका चालला होता. राहीबाई उठली आणि तिनं कमरेला खोचलेली गोफण काढली.

"भला मानूस हाय सायेब," ती म्हणाली. "त्येनं लगेच सांगितलं. तुमीच त्येला दोन दिस काय सांगितलं न्हाई."

सुटलेल्या दोरीवरून पाय टाकून ती रानात गेली.