मावशीची वाकडी शिवण

माझी मावशी भित्री नव्हती. तीस वर्षं तिने पोस्टात पत्रं लावायचं काम केलं. एकदा छताचा मोठा पोपडा शेजारच्या टेबलावर कोसळला, सगळे ओरडत बाहेर पळाले, आणि ही मागून सावकाश आली, काखेत पत्रांचं खोकं घेऊन. "कुणाची तरी आहेत ना ती," एवढंच म्हणाली. अशी बाई सोळा दिवस स्वतःच्याच घरात जीव मुठीत धरून वावरत होती, आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

शिवणकाम ती लहानपणापासून करायची, निवृत्त झाल्यावर गोधड्या शिवायला लागली. विरंगुळा म्हणून सुरू झालेल्या या कामाने बघता बघता अख्खं घर व्यापलं. जेवणाच्या टेबलावर मशीन, खुर्चीवर इस्त्री, कपाटाचे दोन कप्पे चिंध्यांनी गच्च. चिंध्या म्हटलेलं तिला खपायचं नाही. "कापड म्हण," ती म्हणायची. काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्टची दुरुस्ती करायचे. तेही आता घरीच. ताट मांडीवर घेऊन जेवता जेवता ते म्हणायचे, "जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता हिने मला कोपऱ्यात बसवलंय."

तिने शेजारणीच्या बाळासाठी मुठीएवढ्या चौकटींची गोधडी केली. काकांच्या कामावरच्या निळ्या शर्टांची केली, ग्रीसचे डाग तसेच ठेवून. विकली एकही नाही. कुणी मागितली की आधी विचारायची, "पांघरणार की कपाटात ठेवणार?" कपाट म्हणणाऱ्याला मिळायची नाही. आणि शिवण सरळ म्हणजे सरळ. पट्टी ठेवून खडूने रेघ मारायची, डावा डोळा बारीक करून सुईकडे बघायची आणि मशीन चालवायची. रेघ सुटली की उसवायची. शेजारीण म्हणायची, "अहो, अंधारात कोण बघतंय?" मावशी म्हणायची, "मी बघितलंय ना."

आई गेली तेव्हा तिच्या कपड्यांच्या दोन पिशव्या मावशी घेऊन गेली. आई तिची थोरली बहीण. "हिची गोधडी मी करते, तुझ्यासाठी," ती मला म्हणाली, "पण कधी होईल ते विचारायचं नाही." आईचा हिरवा झगा, राखाडी कोट, चौकड्यांचे दोन शर्ट, स्वयंपाकघरातला पडदा. एवढंच कापड होतं. चुकलं तर दुसरं आणायला कुठलंच दुकान नव्हतं. मावशीने नक्षी घेतली नाही, नुसत्या लांब सरळ पट्ट्या घेतल्या. "तुझ्या आईला वाकडं काही चालायचं नाही. बोलणंसुद्धा."

एका सकाळी अकराच्या सुमाराला तिने हिरवी पट्टी राखाडीला जोडली, इस्त्री फिरवली आणि बघितलं, तर शिवणीला मधोमध बाक. रेघेने एखाद्या खड्याला वळसा घालावा तसा. तिने उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा बाक. तिसऱ्यांदा शिवून पुन्हा उसवायला घेतलं, तर पहिल्या काही टाक्यांतच हिरवं कापड भोकांशी विरायला लागलं. तिने हात आवरला.

तिने काकांना हाक मारली. "अहो, जरा बघा हो, हे कुठे वाकतंय?"

काकांनी आपली पोलादी पट्टी आणली, शिवणीला लावली, वाकून बघितलं. "केसाचाही फरक नाही."

"तुमचा चष्मा बदलायला झालाय."

"माझा चष्मा बदल, पण पट्टीला कुठे चष्मा आहे?"

तिने पट्टीकडे बघितलं. पोलादी पट्टीलाही मधोमध बाक होता. तिने नजर सरकवली तसा बाकही सरकला. काका आत गेल्यावर तिने उजवा डोळा हाताने झाकला. पट्टी सरळ. मग डावा झाकला. पट्टी वाकली. दाराची चौकट वाकली. समोरच्या इमारतीवरचा पाण्याचा उभा नळ मध्येच पोटुशी बाईसारखा पुढे आला. मावशी खाली बसली.

ती गप्प का राहिली, हे मला नंतर कळलं. आमची आजी, तिची आई, शेवटची नऊ वर्षं खिडकीशी खुर्चीत बसून होती. दिसत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "आज मी कुठल्या रंगाचं नेसलेय?" मुलं मुद्दाम खोटा रंग सांगायची. मावशीनेही एकदा सांगितला होता. आजीचंही असंच सुरू झालं होतं, आधी एक डोळा, रेघा वाकड्या. डॉक्टर म्हणाले होते, यावर काही नाही. मावशीच्या डोक्यात ते वाक्य चाळीस वर्षं जसंच्या तसं होतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे ते पुन्हा ऐकायला जायचं.

म्हणून तिने तयारी सुरू केली. काका दुपारी पडले की ती डोळे मिटून घरात चालायची. मशीनपासून मोरीपर्यंत अकरा पावलं, मोरीपासून शेगडीपर्यंत सात. एकदा इस्त्रीवर हात पडला, तर काकांना सांगितलं, वाफ लागली. सुईत दोरा जिभेच्या टोकावर ओवायला शिकली. आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात गाठी मारल्या. निळ्याला एक, हिरव्याला दोन, लालला तीन. करड्या आणि राखाडीसाठी वेगळ्या गाठी काय माराव्या, हे सुचेना तेव्हा तिला रडू फुटलं.

सोळाव्या दिवशी मी सहज गेले. मावशी मशीनवर होती, पाठ माझ्याकडे. मी टेबलावरच्या पट्ट्या उचलून बघितल्या. गाठी हाताला लागल्या.

"या गाठी कसल्या?"

"उगाच. खूण."

"कशाची?"

"मोजदादीची. बस ना, उभी काय राहिलीस?" मग तिने शिवलेला तुकडा माझ्यापुढे पसरला. हिरवी आणि राखाडी पट्टी. "किती दिवस छळलं या शिवणीने. आता कशी झालीय सांग. सरळ आहे ना?"

शिवण सरळ नव्हती. मधोमध ती चांगली बोटभर बाजूला गेली होती आणि परत आली होती. इतकी वाकडी शिवण मी तिच्या घरात कधी पाहिली नव्हती. मला आधी वाटलं, ती गंमत करतेय. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर ती वाट बघत होती, परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरीसारखी.

"हो," मी म्हणाले. "सरळ आहे."

पण मी थांबले होते. ते अर्ध्या क्षणाचं थांबणं तिने ऐकलं. काकांची पट्टी शिवणीशेजारी ठेवली, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखाने शिवण चाचपत गेली. निम्म्यावर नख पट्टीपासून दूर गेलं. तिने पुन्हा चाचपलं. पुन्हा तिथेच. सवयीने उजव्याच डोळ्याने बघून, दिसणारा बाक घालवण्यासाठी तिने सरळ शिवण खरोखर वाकडी केली होती.

"माझा डोळा गेला गं," ती म्हणाली. "आणि तुझ्या आईचं कापड मी नासवलं."

मग भडाभडा सगळं सांगितलं. काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते एकदाही रागावले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. आत जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि तिच्या चपला तिच्या पायांपाशी आणून ठेवल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात लांबलचक बाकावर आम्ही तिघं बसलो. मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. पलीकडे डोळ्यावर पांढरी पट्टी बांधलेले एक गृहस्थ बसले होते. ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती आणि सारखी बघतही होती. डॉक्टरीण तरुण होती. तिने चौकटींचा कागद दाखवला, डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रातून डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढलं. चित्रात एका जागी फुगवटा होता.

"पडद्याच्या खाली पाणी साचलंय. कधीपासून वाकडं दिसतंय?"

"सोळा दिवस."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "लगेच यायला हवं होतं."

"माझ्या आईला म्हणाले होते, यावर काही नाही."

"तेव्हा नव्हतं. आता इंजेक्शन आहे. महिन्याला एक, आधी तीन. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण पुढे जाणं बहुतेकदा थांबतं."

"दंडात?"

"डोळ्यात."

मावशी उठली आणि खोलीबाहेर चालायला लागली. मी मागे धावले. ती जिन्यापाशी कठडा धरून उभी होती. "पन्नास वर्षं हातात सुई आहे," ती म्हणाली. "सुई काय करते ते मला नको सांगूस. मी नाही करून घेणार. आंधळी झाले तर झाले, अकरा पावलं आहेत." मीही घाबरले होते. आईच्या वेळी असाच जिना होता आणि मी अशीच काही न बोलता उभी होते.

काका आले. ते म्हणाले, "तू मला तेरा गोधड्या दाखवल्यास आणि तेरा वेळा विचारलंस, सरळ आहे का. मी एकदाही नीट बघितलं नाही. या वेळी बघितलं, तर तू विश्वास ठेवला नाहीस. आता मी म्हणतो, आत चल. एकदा तरी ऐक."

ती आत गेली, पण खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरणीला म्हणाली, "सुई दाखवा."

डॉक्टरीण जरा गोंधळली, मग वेष्टनातली सुई तिच्यापुढे धरली. मावशीने ती उजेडाकडे करून चांगल्या डोळ्याने न्याहाळली. "माझ्याकडची सगळ्यात बारीक सुई हिच्यापुढे दाभण आहे," ती म्हणाली. "बरं. करा."

मला बाहेर बसवलं. आतून एकदाच तिचा आवाज आला, "झालं का?" आणि डॉक्टरणीचा, "कधीच झालं."

पुढचे तीन महिने वाईट गेले. पहिल्या सुईनंतर डोळ्यात काळा बुडबुडा तरंगायला लागला. तो जायला चार दिवस लागले आणि ते चारही दिवस तिला वाटत होतं, हा राहणारच. दुसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या सुईनंतर फुगवटा बसला. मधोमध एक पुसट डाग राहिला, बोट फिरवून पुसलेल्या शाईसारखा, तो कायमचा. शिवण आता ती डाव्या डोळ्याने बघते. पन्नास वर्षांची सवय मोडायला तिला वेळ लागला.

ती वाकडी शिवण तशीच राहू दे, असं मी म्हणून बघितलं. मला ती हवी होती. "मुळीच नाही," मावशी म्हणाली. विरलेल्या हिरव्या पट्टीला तिने मागून पातळ कापडाचा आधार दिला, खडूची रेघ मला मारायला लावली आणि पुन्हा शिवली. गोधडी झाली. मी रोज पांघरते, तशी अटच होती.

डॉक्टरणीने तिला चौकटींचा कागद दिलाय. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, कारण चांगल्या डोळ्यालाही कधी सुरू होईल सांगता येत नाही. कागद फ्रीजवर लावलाय. ती समोर उभी राहते, हात डोळ्यापर्यंत नेते आणि थांबते. काही दिवशी बराच वेळ थांबते. काका तेव्हा ओट्यापाशी चहा करता करता उगाच डबे इकडचे तिकडे करत असतात, झाकणाचा आवाज होऊ न देता. मग ती एकेक डोळा झाकून बघते, हात खाली घेते, म्हणते, "आहे तसंच," आणि काका विचारतात, "चहात साखर घातली होती का गं मी?"