नातीच्या नावाची डबी

माझे सासरे गुरुवारी गेले.

शीविषयी इतक्या मोकळेपणाने आणि इतक्या आदराने बोलणारा माणूस उभ्या नागपुरात दुसरा नसेल. त्यांची नात, म्हणजे त्यांच्या लेकीची आणि माझी मुलगी तनू, सहावीत आहे. तिच्या आतड्याला सूज येते, औषधाने बसते, पुन्हा उठते. सूज किती आहे ते शौचाच्या तपासणीत आकड्याने कळते. आकडा फार चढला की डॉक्टर दुर्बीण घालून आत बघायचे म्हणतात. म्हणून दर काही महिन्यांनी लॅबमध्ये डबी न्यायची. हे काम सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिले नाही. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर माल पास-नापास करणारा माणूस. निवृत्तीनंतर हाती आलेला हा एवढाच माल. डबी बर्फाच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. सिटी बसमध्ये शेजारच्याने "काय घेऊन चालले काका, डब्यात?" असे विचारले, तर ते खरे उत्तर देत, आणि मग त्यांना ऐसपैस बसायला मिळे. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी पानात पडते न पडते तोच ते व्याह्यांना विचारत, साफ होते का, रंग कसा असतो. सासूबाई ताट उचलून दुसऱ्या रांगेत जात. तनू लाजली की म्हणत, "लाजून काहून राहिली वं? ज्याले होत नाही त्यानं लाजावं."

गेल्या उन्हाळ्यात मात्र तनूने डबी द्यायचे नाकारले. लाजेने नव्हे, दुर्बिणीच्या भीतीने. मोरीपाशी आजोबा-नातीची काही कुजबुज झाली आणि डबी वेळेवर गेली. आकडा असा चढला की डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतले. दुर्बिणीचे नाव निघताच तनू रडू लागली. ती आजोबांकडे पाहत होती आणि आजोबा पंख्याकडे.

"पोरीले सोडा, डॉक्टरसाहेब," शेवटी ते म्हणाले. "ते माहं होय."

"काय तुमचं?"

"डबीतलं. म्हटलं, माहं पोट एक नंबर आहे. पोरगी आरामात पास होऊन जाईन."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तनूच्या हाती नवी डबी दिली आणि सासऱ्यांना मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तनूचा आकडा उतरलेला निघाला. सासऱ्यांच्या आतड्यात गाठ निघाली. ती पसरली होती.

खाटेवर पडल्या पडल्या ते भेटायला येणाऱ्यांचे पोट विचारत. मला म्हणाले, "अख्खी उमर लोकायचा माल नापास केला जावईबापू. आता आपलाच रिजेक्ट झाला." मग तनूला जवळ बोलावले. "यापुढं तुह्यं तूच देत जाय वं. माहं काही भरवशाचं नाही."

काल तपासणीचा दिवस होता. तनूने डबी दिली, स्वतः बर्फ घातला आणि स्टीलचा डबा मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसली. सिग्नलला कुणीतरी विचारले, डब्यात काय आहे. तिने खरे सांगितले.

डबा आता तिच्याकडे असतो.